पाहुणा बदलतो, घर तेच राहतं : साप्ताहिक जॅझ मैफलीला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

साप्ताहिक जॅझ मैफलीचं पोस्टर एकदा नीट बघा. वर ठळक अक्षरांत पाहुण्या वादकाचं नाव, फोटोही त्याचाच. खाली बारीक टायपात तीन नावं : पियानो, बास, ड्रम्स. कधी कधी तीही नसतात, नुसतंच ‘सोबत हाऊस ट्रिओ’. नवखा माणूस वरचं नाव वाचतो, ‘हे कोण बुवा?’ म्हणतो आणि आपल्याला यातलं काही कळायचं नाही असं ठरवून घरी बसतो.

माझं ऐकाल तर वरचं नाव तूर्त सोडून द्या आणि खालची तीन टिपून ठेवा. पुढच्या आठवड्यात हीच माणसं असणार आहेत, त्याच्या पुढच्याही. पाहुणा बदलत राहतो, घर तेच राहतं, आणि नवख्या कानाची सगळी सोय यातच आहे. तीन वाद्यं तीच आणि चौथं दर आठवड्याला नवं, असं झालं की फरक नेमका कशाने पडला हे हळूहळू आपोआप कळायला लागतं. इकडेतिकडे ऐकलेल्या दहा सुट्या मैफलींतून मला जे कळलं नव्हतं ते एका मालिकेच्या सलग सहा संध्याकाळींत कळलं. म्हणून सुरुवातीलाच सांगते : एकदा जाऊन बघू असं ठरवू नका, सहा आठवडे जायचं ठरवा.

ही पद्धत पडली त्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. अख्ख्या बँडचा प्रवास आणि मुक्काम आयोजकाला जड जातो, एका वादकाचा परवडतो. लंडनमध्ये १९५९ साली सुरू झालेल्या रॉनी स्कॉट्स क्लबने १९६१ पासून अमेरिकी वादकांना असं एकेकटं बोलवायला सुरुवात केली. पहिला आला टेनर सॅक्सोफोनवाला झूट सिम्स. पियानोवर क्लबचा घरचा माणूस, स्टॅन ट्रेसी. पुढे काही वर्षं एकाहून एक तालेवार पाहुणे आले आणि गेले, पियानोवर ट्रेसीच. त्याच्याही आधी, १९४० च्या सुमारास, न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाऊसमध्ये घरच्या बँडात थेलोनियस मंक पियानोवर आणि केनी क्लार्क ड्रम्सवर होते. आपापली कामं आटोपून रात्री उशिरा डिझी गिलेस्पी, चार्ली ख्रिश्चन, चार्ली पार्कर असे पाहुणे तिथे यायचे. पुढे बीबॉप म्हणून गाजलेली शैली अशाच रात्रींमध्ये घडत गेली. गाण्याचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट, बदलून पाहुण्यांच्या पायाखालची वाट वाकडी करणारे मात्र घरचेच होते.

तालमीशिवाय हे जमतं कसं? पाहुणा संध्याकाळी येतो, साउंड चेकच्या वेळी अर्धा तास गाठ पडते, आणि रात्री चौघं जण वर्षानुवर्षं एकत्र असल्यासारखे वाजवतात. यात जादू नाही, सामाईक भांडवल आहे. ‘स्टँडर्ड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काही शे रचना जॅझवाल्यांना पाठ असतात. त्यातल्या बऱ्याचशा जुन्या ब्रॉडवे नाटकांतल्या आणि चित्रपटांतल्या, बाकीच्या जॅझ वादकांनी स्वतः केलेल्या. चाल पाठ, कॉर्डची वाट पाठ. पुढचं सगळं जागच्या जागी. स्टँडवर कागद दिसला तर तो ‘लीड शीट’, म्हणजे फक्त चाल आणि वर कॉर्डची नावं. अशा कागदांचं सगळ्यांत प्रसिद्ध बाड म्हणजे ‘रिअल बुक’. १९७० च्या दशकात बॉस्टनच्या विद्यार्थ्यांनी ते तयार केलं, कुणाचीही परवानगी न घेता, आणि हातोहात खपवलं. कायदेशीर आवृत्ती निघायला २००४ साल उजाडलं.

आधी घरी, एकच रेकॉर्ड

जाण्यापूर्वी जॅझचा इतिहास वाचत बसू नका. एकच रचना तीन-चारदा ऐका : ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसची १९५९ सालची ‘सो व्हॉट’. सुरुवातीला पियानो आणि बास थोडं घुटमळतात, तेवढं होऊ द्या. मग बास एक छोटं वाक्य म्हणतो आणि बाकीचे दोन कॉर्डमध्ये उत्तर देतात. हे आठ बार चालतं, बार म्हणजे चार मात्रांचा एक गट. पुन्हा आठ बार तेच. मग तेच वाक्य अर्धा सूर वर चढतं, पट्टी बदलल्यासारखं. ‘अरे, वर गेलं’ असं ज्या क्षणी वाटेल तिथे ‘ब्रिज’ सुरू झाला. आठ बारांनी गाडी पुन्हा मूळ जागी. झालं एक चक्र.

आता हिशेब. आठ-आठ बारांचे चार भाग म्हणजे ३२ बार, बारला चार मात्रा, एकूण १२८. आपल्या सोळा मात्रांच्या तीनतालाची आठ आवर्तनं म्हणजे यांचं एक आवर्तन. जॅझवाले त्याला ‘कोरस’ म्हणतात. समूहगानाशी त्याचा काही संबंध नाही. चाल वाजवून झाली की सोलो, म्हणजे एकेकाचं जागच्या जागी रचलेलं वादन, याच १२८ मात्रांच्या चक्रावर फिरतात. ‘सो व्हॉट’मध्ये माइल्स दोन फेऱ्या घेतो आणि मग सॅक्सोफोनच्या हाती देतो. सोलोमध्ये मूळ चाल कुठेच ऐकू येत नाही, तरी ब्रिज आला की ते वर चढणं जाणवतं. तेवढं एकदा सापडलं की गृहपाठ संपला.

तालाची सवय असलेल्यांना इथे एक अडचण येते, ती आधीच सांगून ठेवते. आपल्याकडे ठेका ऐकून कुठे आहोत ते कळतं. खाली गेली, सम आली, डग्गा सांगतो. इथे ड्रम्सवर तसा बांधलेला ठेका नाही. जागा सांगतात ते कॉर्ड. सुरुवातीला ड्रम्सकडे बघून समेची वाट पाहत बसाल तर चुकामूक ठरलेली.

पोचायचं कधी, बसायचं कुठे

अर्धा तास आधी पोचा. जागा निवडायला मिळते हे तर आहेच, शिवाय सुरू होण्याआधीची पाच-दहा मिनिटं फुकट घालवण्यासारखी नसतात.

अगदी समोर, मधोमध बसण्याचा मोह टाळा. ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोनचं तोंड थेट तुमच्याकडे असेल तर बाकी तिघं त्याच्या आड जातात. पियानोवाल्याची बोटं दिसतील आणि बासवाला व ड्रमर एकमेकांकडे बघतात ते दिसेल अशी बाजूची जागा बघा. छोट्या हॉलमध्ये पियानोच्या बाजूची दुसरी-तिसरी रांग बहुतेक वेळा बरी पडते. बास ऐकू येत नसेल तर मात्र जागा बदला, दिसण्याचा हट्ट धरू नका.

आता स्टेजच्या कडेला चौघं कुजबुजताना दिसतील. पाहुणा गाण्याचं नाव सांगतो, पियानोवाला मान डोलावतो किंवा नाक मुरडतो. मग बोटं. खाली रोखलेली तीन बोटं म्हणजे तीन फ्लॅट (उतरवलेले सूर), म्हणजे ई-फ्लॅट पट्टी, आपल्या पेटीवरची काळी दोन. वर धरलेली बोटं म्हणजे शार्प (चढवलेले सूर). पट्टी ठरली की पाहुणा चुटकी वाजवत लय दाखवतो, ‘वन... टू... वन, टू, थ्री, फोर’, आणि निघाले. कोणती लय, कोणती पट्टी, किती लांब, बोलणी एवढीच. यापलीकडचं स्टेजवर ठरतं.

पहिला आठवडा : फक्त मोजा

पहिल्या संध्याकाळी काहीही ‘समजून’ घेऊ नका. फक्त फेरी मोजा. माझी युक्ती अशी : एक बोट म्हणजे आठ बारांचा एक भाग. तर्जनी पहिला, मधलं बोट दुसरा, अनामिका ब्रिज, करंगळी चौथा. अंगठा करंगळीवरून परत तर्जनीवर आला की नवी फेरी सुरू. मध्यम लयीत, मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर, एका फेरीला साधारण ६४ सेकंद लागतात. दुप्पट लयीत ३२.

ब्लूज हा रचनाप्रकार असेल तर तो १२ बारांचा असतो, आणि त्यासाठी पेरं अगदी मापात बसतात. चार बोटांची वरची चार पेरं म्हणजे पहिली ओळ, मधली चार दुसरी, खालची चार तिसरी. दर बारला एक पेर. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला कॉर्ड बदललेला ऐकू येतो. तो चुकत नाही.

बोटं कमी पडतील अशाही रचना आहेत. ‘ऑल द थिंग्ज यू आर’चे ३६ बार भरतात, शेवटचा भाग चार बारांनी लांबलेला. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा माझंच चुकलं असं समजून दोन फेऱ्या नव्याने मोजत बसले होते. हिशेब हुकला तर सोडून द्या, चाल परत येईल तेव्हा पुन्हा पकडा. चाल म्हणजे ‘हेड’. सगळे सोलो झाले की पाहुणा स्वतःच्या डोक्यावर टिचकी मारतो : चला, हेडवर परत.

दुसरा आठवडा : बास

दुसऱ्या खेपेला पाहुण्याकडे दुर्लक्ष करा. अवघड आहे, कारण तो पुढे उभा राहून घाम गाळत असतो. पण नजर आणि कान बासवर ठेवा.

चाल वाजत असताना बास बऱ्याचदा बारला दोनच सूर वाजवतो. सोलो सुरू झाला की तो ‘चालायला’ लागतो, दर मात्रेला एक सूर. वॉकिंग बास म्हणतात तो हाच. १२८ मात्रांच्या फेरीत १२८ पावलं, आणि पुढच्या फेरीत तीच वाट वेगळ्या पावलांनी. दोनावरून चारावर येण्याचा तो क्षण पकडा. खोलीतली हवा बदलते. लय तीच असते, तरी वेग वाढल्याचा भास होतो.

बासचा सोलो येतो तेव्हा बाकीचे आवाज उतरवतात, आणि नेमकं तेव्हाच श्रोत्यांना गप्पा मारायची हुक्की येते. हे दुखणं जुनंच आहे. पियानोवाल्या बिल एव्हान्सच्या ट्रिओचं २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये जे ध्वनिमुद्रण झालं, त्यात ग्लासांची किणकिण आणि लोकांची बडबड आजही ऐकू येते. बासवर स्कॉट लाफारो होता. त्यानंतर अकराच दिवसांनी तो मोटार अपघातात गेला, वय अवघं २५. त्या संध्याकाळी गप्पा मारत बसलेल्यांचे आवाज कायमचे रेकॉर्डवर राहिले आहेत. त्यामुळे बासच्या सोलोत बोलावंसं वाटलं तर जरा आवरा.

मग पियानो, मग ड्रम्स

पियानोवाला सोलोच्या मागे जे करतो त्याला ‘कॉम्पिंग’ म्हणतात. आपल्याकडच्या पेटीच्या साथीसारखा तो पाहुण्याच्या सुरामागे सूर लावत जात नाही. पाहुणा श्वास घेतो त्या फटीत कॉर्ड टाकतो, कधी आधीच, कधी मुद्दाम उशिरा. चांगला पियानोवाला किती वाजवतो यापेक्षा किती वाजवत नाही ते बघा. एखाद्या फेरीत तो हात मांडीवर ठेवून पूर्ण गप्प बसतो. तो कंटाळलेला नसतो. मागे फक्त बास आणि ड्रम्स ठेवून त्याने पाहुण्याला मैदान मोकळं करून दिलेलं असतं. पुढच्या फेरीत पियानो परत शिरतो तेव्हा पाहुण्याच्या चेहऱ्याकडे बघा.

ड्रमरचे चारही अवयव वेगवेगळ्या नोकऱ्या करतात. उजवा हात मोठ्या सिंबलवर, राइडवर : टिंग, टिंग-टि टिंग. डावा पाय हाय-हॅटवर, म्हणजे पायाने मिटणाऱ्या सिंबलच्या जोडीवर, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला ‘चिक्’. डावा हात स्नेअर या छोट्या ड्रमवर अधूनमधून शेरे मारतो. उजव्या पायाचा बास ड्रम बरेचदा इतका हळू वाजतो की तो ऐकण्यापेक्षा अंगाला कळतो. फेरी संपत आली की ड्रमर एखादा भरणा टाकतो. मोजताना वाट चुकलेल्यांना तोच हात देतो.

शेवटाकडे बहुधा ‘ट्रेडिंग फोर्स’ येतात. पाहुणा चार बार, ड्रमर चार बार, पुन्हा पाहुणा. सवाल-जवाबच, फक्त ड्रमरच्या चार बारांत बाकी सगळे गप्प, कॉर्डसुद्धा नाहीत. तुम्ही मात्र बोटांवर मोजत राहा. न मोजणाऱ्याला तो नुसता धडधडाट वाटतो. मोजणाऱ्याला दिसतं की चौघंही मनात तेच मोजताहेत आणि सोळाव्या मात्रेनंतर पाहुणा केसभरही न चुकता आत शिरतो.

घर पाहुण्याला सावरतं ते असं

माझा पाचवा आठवडा असावा. पाहुणा तरुण ट्रम्पेटवाला होता, हात जबरदस्त, लय स्वतःच दिलेली आणि जरा जास्तच चढी. दुसऱ्या सोलो फेरीत अंगठा अनामिकेवर आला, घर ब्रिजवर गेलं, आणि पाहुणा मागेच राहिला. चूक अशी कुठलीच नाही, तरी सूर कॉर्डला चिकटेनात.

कुणीही थांबलं नाही, कुणी त्याच्याकडे बघितलंही नाही. पियानोवाल्याने भरगच्च कॉर्ड सोडले आणि एकेक सूर सुटा, ठळक वाजवायला लागला, पाटीवर अक्षर काढून दाखवावं तसा. बासवाल्याने चालणं थांबवून प्रत्येक कॉर्डचा मूळ सूर धरून ठेवला. आणि शेवटचा भाग सुरू होताना ड्रमरने पहिल्या मात्रेवर असा काही दणका दिला की आंधळ्यालाही दार दिसावं. ट्रम्पेटवाल्याच्या भुवया वर गेल्या. त्याने दोन बार सोडून दिले, ओठ पुसले आणि बरोबर जागेवर परत आला. सोलो संपल्यावर कडकडून टाळ्या पडल्या, सगळ्या त्यालाच. मध्ये काय घडलं हे शेजाऱ्यांना कळलंही नसावं. मी बोटं मोजत होते म्हणून मला कळलं, आणि आपल्याला काहीतरी कळायला लागलंय हेही मला तेव्हाच कळलं.

टाळ्या, फोन, फर्माईश

प्रत्येक सोलो संपल्यावर टाळी देतात, गाणं चालू असतानाच. संकोचू नका. सोलो संपला का पुसट झाला याची शंका असेल तर शेजाऱ्यांच्या मागोमाग टाळी द्या, एवढं काही बिघडत नाही. मी एकदा बासवाल्याने घेतलेल्या लांब श्वासावर जोरात एकटीच टाळी दिली होती. त्याने हसून मान झुकवली आणि सोलो पुढे चालू ठेवला.

तालावर टाळ्या वाजवायची वेळ आलीच तर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला द्या, हाय-हॅटबरोबर. पहिल्या-तिसऱ्याला दिलेल्या टाळीने जॅझची चाल जड पडते. गायक-पियानोवादक हॅरी कॉनिक ज्युनियरच्या एका मैफलीची चित्रफीत बघण्यासारखी आहे. श्रोते एक-तीनला टाळ्या पिटताहेत, हा पियानोवर हळूच एक मात्रा जादा घुसडतो, आणि काहीही न बदलता सगळा जमाव दोन-चारवर येतो. मागे ड्रमर आनंदाने हात वर करतो.

फोन बंद ठेवा. रेकॉर्डिंग करायचं असेल तर विचारून करा. बरेच वादक नको म्हणतात, कारण ही जागच्या जागी घडणारी गोष्ट आहे आणि फसलेली फेरी जगभर फिरावी असं कुणाला वाटेल? फर्माईश दोन गाण्यांच्या मध्ये ओरडून करू नका. मध्यंतरात सांगा, आणि मान्य झाली नाही तर रुसू नका.

पाहुणा गायक असेल तेव्हा

त्या रात्री घराची खरी कसोटी असते. वादक बहुतेक रूढ पट्टीत वाजवतो, गायक आपल्या गळ्याप्रमाणे पट्टी मागतो, आणि वर्षानुवर्षं एका पट्टीत बोटांत बसलेलं गाणं ट्रिओला ऐनवेळी दुसरीकडे उचलून न्यावं लागतं. सुरुवातीची ओळ गायक बरेचदा लयीशिवाय, बोलल्यासारखी म्हणतो. तेव्हा पियानोवाल्याची नजर त्याच्या ओठांवर असते. ड्रमर काड्या ठेवून ब्रश उचलतो आणि स्नेअरवर गोल गोल फिरवत राहतो.

गायक शब्द विसरला तर? १९६० साली बर्लिनच्या मैफलीत गायिका एला फिट्झजेराल्ड ‘मॅक द नाइफ’ गाताना शब्द विसरली. थांबली नाही. शब्द विसरल्याचंच तालासुरात गाऊन टाकलं, मधेच लुई आर्मस्ट्राँगची नक्कल केली आणि गाणं पार पाडलं. त्याच ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळालं. तिला असं मोकळं फिरता आलं, कारण मागचे चौघं फेरी जराही न हलवता चालवत होते. ऐकताना एकदा फक्त त्यांच्याकडे लक्ष द्या.

मध्यंतर आणि दुसरा सेट

कार्यक्रम बहुधा दोन सेटचा असतो, पाऊण ते एक तासाचा एकेक. एकच ऐकायला वेळ असेल तर दुसरा ऐका. पहिल्यात पाहुणा आणि घर एकमेकांना चाचपून बघत असतात. गाणी ओळखीची, लय बेताची. मध्यंतरात बोलणं होतं, हसणं होतं, आणि दुसऱ्यात पाहुणा म्हणतो, ‘ते येतं का तुम्हाला?’

पाहुण्याभोवती गर्दी असेल. तुम्ही बासवाल्याकडे जा. तो एकटाच तारा पुसत उभा असतो आणि त्याला सहसा कुणी काही विचारत नाही. ‘छान वाजवता’ म्हणण्यापेक्षा नेमकं विचारा : ‘दुसऱ्या गाण्याचा शेवट तीनदा वाजवलात, तिहाईसारखा, ते ठरलेलं होतं का?’ मी विचारलं होतं. उत्तर मिळालं, ‘पाहुण्याने भुवई उडवली म्हणून.’ त्या शेवटाला ते ‘टॅग’ म्हणतात, हेही तेव्हाच कळलं.

वही

दर वेळी चारच गोष्टी लिहा : गाण्याचं नाव, लय, सोलो कोणत्या क्रमाने झाले, आणि घराने मागच्या वेळेपेक्षा वेगळं काय केलं. गाण्याचं नाव कळलं नाही तर मध्यंतरात विचारा. महिन्या-दीड महिन्यात काही गाणी परत येतात आणि मग वही बोलायला लागते. माझ्याकडे ‘ऑटम लीव्हज’ तीनदा आहे. बासरीवाल्याबरोबर संथ, ब्रशवर. टेनर सॅक्सोफोनबरोबर चढ्या लयीत, पियानो पहिल्या दोन फेऱ्या गप्प. गायिकेबरोबर निम्मंच, आणि मग सगळे एकदम थांबून बासला एकट्याला सोडलेलं. गाणं तेच, पियानो-बास-ड्रम्स तेच. प्रत्येक पाहुण्याने त्यांच्यातून वेगळं काही काढून घेतलं.

स्वतः वाजवायचं असेल तर

काही मालिकांत शेवटचा अर्धा तास जॅमसाठी, म्हणजे श्रोत्यांतल्या वादकांनी घरच्या बँडबरोबर वाजवण्यासाठी, खुला असतो. पहिले सहा आठवडे वाद्य घरी ठेवा. त्यानंतर एकच गाणं, रूढ पट्टीत, कागद न बघता येईल इतकं पक्कं करून जा. आधी घरच्या बँडला विचारा, पट्टी बोटांनी सांगा, लय स्वतःला झेपेल तीच द्या. सोलो दोन फेऱ्या, फार तर तीन. तुमच्यामागे अजून चौघं ताटकळत असतात. हरवलात तर थांबून ऐका, ड्रमर दार दाखवेल.

आणि पाहुणा आलाच नाही तर

हे कधी ना कधी होतं. विमान रखडतं, घसा बसतो, आणि दारात चिठ्ठी लागते : आज फक्त ट्रिओ. माझ्या मालिकेत असं झालं तेव्हा पैसे परत घ्यायला रांग लागली, निम्मा हॉल रिकामा. मी जरा घुटमळले आणि आत गेले. पियानोच्या बाजूची दुसरी रांग आयती मोकळी होती. तिघं आले, पुढे माइकचा स्टँड तसाच उभा होता, तो ड्रमरने उचलून बाजूला ठेवला. कुणी लय मोजली नाही, बोटं दाखवली नाहीत. बासवाल्याने ‘ऑटम लीव्हज’ची चाल स्वतःच सुरू केली, पियानो एक अख्खी फेरी मांडीवर हात ठेवून ऐकत बसला. वहीत मी चौथ्यांदा नाव लिहिलं, आणि ‘पाहुणा’ या रकान्यात रेघ मारली.